आळे बुक करणे चालू आहे

वैशाखात झाडाला सगळ्यात जास्त काय लागतं, असं मला कुणी विचारलं तर मी पाणी म्हणत नाही. भांडखोर माणूस लागतो, असं सांगतो. ऐकणाऱ्याला तो विनोद वाटतो. वाटू दे. जुन्नरला मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो, त्या बाई त्यानं पाहिलेल्या नसतात.

नव्वदीची मधली वर्षं होती. मी ठाण्याचा, जुन्नरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकताच चिकटलेला. त्या काळात फोन मिळायला लोकांची वर्षं वेटिंग लिस्टवर जायची. बाईंच्या मुलाचं, म्हणजे शेठचं, पेठेत कापडाचं दुकान होतं आणि दुकानाला फोन नव्हता. मला खोली इतकी चटकन का मिळाली, हे माझ्या ध्यानात यायला आठवडाभर लागला. रोज सकाळी तोंडात ब्रश ठेवूनच शेठ विचारायचा, "भाऊ, आपला नंबर कुठवर आला?"

मी म्हणायचो, "सरकतोय."

मागून बाई म्हणायच्या, "नंबर काय, लागंल तवा लागंल. आदी तोंड धू."

बाईंना सगळी गल्ली नुसतं बाई म्हणायची. मुलगाही बाईच म्हणायचा, त्यांच्यात आईला तसंच म्हणतात. घर मारवाडी जैनांचं. पणजोबा राजस्थानातून आले तेव्हा बैलगाडीतून आले की पायी, यावर त्यांच्यात एकमत नव्हतं, पण आता सगळे पक्के जुन्नरचे झाले होते. घरात भांडण निघालं की मात्र बाकीचे मारवाडीत शिरायचे. बाई मराठीतच भांडायच्या. "लपवून काय भांडायचं? मी खरं बोलती, तर गल्लीला बी कळू दे," हे त्यांचं म्हणणं. गल्लीचीही त्याला काही हरकत नव्हती.

दिसायला काटकुळ्या. डोक्यावर पदर, पदरावर गवताची टोपी आणि पायात कैलासवासी नवऱ्याचे, म्हणजे थोरल्या शेठजींचे बूट, तेही नाडीशिवाय. या वेशात त्या दिवसभर घरामागच्या परसात असायच्या. परस चांगलं ऐसपैस होतं. घराजवळ लिंबू, शेवगा, मोगरा आणि मिरची-वांग्यांचे वाफे. पलीकडे रस्त्याला लागून मोकळी जमीन, जिच्यावर पावसाळ्यात काहीबाही लावलं जायचं. ही मोकळी जमीनच पुढे साऱ्या भांडणाचं मूळ ठरली.

पाडवा झाला की बाईंचा मोसम सुरू व्हायचा. लोक उन्हाळ्यात गरम कपडे कपाटात टाकतात, बाई साड्या बाहेर काढायच्या. नेसायला नव्हे. रोपांवर सावली करायला. चार काठ्या रोवायच्या आणि वर साडी ताणून बांधायची. चैत्रातलं त्यांचं परस पाहिलं की कुणाचं तरी लग्न आहे असं वाटायचं. एका वर्षी तर त्यांनी आपला लग्नातला शालूच वांग्यांवर घातला. सून बिचारी शरमून गेली. पाहुणे आले की ती मागचं दार लावून घ्यायची. बाई म्हणाल्या, "मला ऊन लागू नये म्हून शेठजींनी घेतला व्हता. आता मला लागत नाय. वांग्यांना लागतंय."

पाचटाचंही तसंच. पारगावकडचा एक ऊसवाला शेतकरी शेठच्या दुकानात कापड घ्यायला यायचा. बाईंनी त्याला एकदा गाठलं आणि सांगितलं, येताना रिकामा येत जाऊ नको. तेव्हापासून तो दर उन्हाळ्यात पाचटाचे भारे आणून टाकायचा. उसाची ती वाळकी पानं बाई प्रत्येक झाडाच्या बुडाशी जाड थरानं पसरायच्या, म्हणजे जमीन उघडी पडत नाही, ओल धरून राहते. दुकानात नव्या कापडाचे तागे आणि मागच्या दारी पाचट, या प्रकारानं शेठचं डोकं उठायचं. त्याच्या पांढऱ्या शर्टाला रोज कुठं ना कुठं एक कुसळ चिकटलेलं असायचं.

जैन असल्यानं त्यांच्या घरात सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची. बाकीचे मग टीव्हीपुढे बसायचे. बाई झारी घेऊन मागे जायच्या. झाडं झोपायच्या आत त्यांना पाणी पाजायचं, हा नियम. दुपारी कुणी झाडाला पाणी घालताना दिसलं तर त्या रस्त्यानं जातायेताही थांबून त्याला झापायच्या. एकदा शाळेच्या फाटकातल्या शिपायाला झापलं, एकदा चक्क तहसील कचेरीतल्या साहेबांना. साहेब म्हणे दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाणी घालू लागले.

फक्त लिंबाचं त्या उलट करायच्या. चैत्र लागला की लिंबाचं पाणी तोडायचं. साफ. पानं मलूल व्हायची, पिवळी पडून गळायला लागायची. नवखा माणूस कळवळायचा. मीही कळवळलो. मी म्हणालो, "बाई, मरेल ते."

"मरत नाय. ह्याला ताण देणं म्हंत्यात. सुखात असलं की लिंबू नुसती पानं काढतंय. ताण दिला, मग पाणी सोडलं, की आंगभर फुलतंय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमाला आईनं कवा ताण दिलेला दिसत नाय."

आता एक अडचण सांगतो, म्हणजे बाईंचा ताठा कळेल. जैनांत जमीन खणणं पाप. मातीत किती जीव मरतात त्याला गणती नाही. घरातल्यांनी सांगून पाहिलं, नात्यातल्यांनी सांगून पाहिलं. एकदा विहार करत आलेल्या एका साध्वींनीही समजावलं, अगदी गोड शब्दांत. बाईंनी हात जोडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाप हाय, ठाव हाय मला. ते माज्या एकटीच्या नावावर ऱ्हाऊ द्या. सावली समद्यांची." साध्वी हसल्या. म्हणूनच बाई खणायला कधी मजूर लावत नसत. दुसऱ्याला पापात ओढायचं नाही. खड्डा खणायचा तो स्वतः, तोही चैत्रात, म्हणजे वैशाखाच्या उन्हात तो चांगला तापतो, आतली कीड मरते, आणि पावसाच्या तोंडाला त्यात झाड लावता येतं. "कीड मरते" म्हणताना त्या डाव्या हातानं कानाची पाळी पकडायच्या.

पहिल्याच वर्षी माझी फजिती झाली ती आखितीच्या आदल्या दिवशी. आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. मी एक्स्चेंजला निघालो होतो. बाई परसातून ओरडून म्हणाल्या, "येताना बाजारातनं केळी घिऊन या. चांगली बघून आणा. पुराय पायजेत."

सण आहे, घरात माणसं आहेत, पुरली पाहिजेत हे खरंच. मी दोन डझन घेतली, वर आणखी अर्धा डझन. बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ही पुरू व्हय मातीत?"

मी म्हणालो, "कमी पडतील का?"

बाई पायरीवर बसून हसल्या. हसता हसता त्यांची टोपी पडली. मग त्यांनी मला दाराशी नेऊन समोरच्या कुंभाराच्या गाड्याकडे बोट दाखवलं. आखितीला गल्लीतली शेतकरी घरं पितरांच्या नावानं मातीच्या भांड्यांत पाणी भरून पुजतात. मोठं भांडं करा, धाकटं भांडं केळी. बाईंच्या जैन घरात पितरांना पाणी नव्हतं. पण ही कोरी, झिरपणारी मडकी त्यांना झाडांसाठी हवी असायची. झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर खापरी झाकायची. "मडक्याला घाम फुटतो, मुळं चाटत बसत्यात," असं त्या सांगायच्या. माझी केळी गल्लीतल्या पोरांनी खाल्ली. सालं तेवढी गुलाबाला पुरली. पुढची कित्येक वर्षं गल्लीतली माणसं मला विचारायची, "काय टेलिफोनवाले, पुरली का केळी?"

मग एका वर्षी शेठच्या डोक्यात गाळे शिरले. ते वर्षच तसं होतं. नारायणगावला गाळे, मंचरला गाळे, जिथं रस्त्याला तोंड असलेली वितभर जागा दिसेल तिथं शटर. शेठनं हिशेब मांडला असेल नसेल, पण स्वप्न पुरतं पाहिलं होतं. रस्त्याकडेची मोकळी जमीन आधी, मग हळूहळू उरलेलं परस. जेवताना त्यानं हे सांगितलं तेव्हा मी अंगणात होतो. आतून बाईंचा आवाज आला, "मला झाडाला आळे पायजे अन तुला गाळे. एका अक्षराचा तर फरक हाय. तूच बदल की."

शेठ वाईट माणूस नव्हता, हे मला इथं सांगितलं पाहिजे. आईवर त्याचा जीव होता. पण जागा त्याच्या नावावर होती, आणि आई म्हातारी झाली, आता तिनं बसून जपमाळ ओढावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. बसून राहिलेल्या बाई कशा दिसतील याचा त्यानं विचारच केलेला नसावा.

त्यानं कंत्राटदार आणला. कंत्राटदारानं रस्त्याच्या बाजूला पत्र्याची पाटी ठोकली, तांबड्या ठसठशीत अक्षरांत: येथे गाळे बुक करणे चालू आहे. भूमिपूजन आखितीला ठरलं, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त म्हणून. पण मजूर आधीच मोकळे होते. मढ गावाकडची दहाबारा माणसं आणि त्यांचा एक वयस्क मुकादम. कंत्राटदार म्हणाला, पूजा होईल तेव्हा होईल, कॉलमचे खड्डे घेऊन ठेवू. जमिनीवर फक्कीच्या रेघा पडल्या आणि खणणं सुरू झालं.

मला वाटलं आता बाई रणकंदन करणार. त्यांनी काही केलं नाही. परसातल्या ओट्यावर बसून त्या नुसत्या बघत राहिल्या. संध्याकाळी मांडीएवढे खोल खड्डे झाल्यावर उठल्या, एकेका खड्ड्याच्या काठाशी गेल्या, आत वाकून पाहिलं आणि मुकादमाला म्हणाल्या, "लई बेस खणलं. पाप तुमचं, खड्डे माजे."

मुकादम हसला. म्हातारीची गंमत, असं समजला असावा.

पुढचे दिवस बाईंनी खड्डे तापू दिले. पण दुपारी, घर झोपलं की, त्या घमेलं घेऊन बाहेर पडायच्या. एक घमेलं शेणखत, एक घमेलं पाचट, थोडी भाजीची देठं, वर माती. कंत्राटदाराला वाटलं म्हातारी खड्ड्यांत कचरा टाकते. त्यानं शेठकडे तक्रार केली. शेठ म्हणाला, टाकू दे, तेवढंच समाधान.

आखितीच्या सकाळी नात्यातल्या एका बाईंच्या वर्षीतपाचं पारणं होतं. वर्षभराचा उपास त्या दिवशी उसाच्या रसानं सोडतात. सगळं घर नटूनथटून तिकडे गेलं. बाई म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात. घराला कडी लागली आणि त्या गुडघ्यांनी जे काम केलं ते मी पाहिलं आहे. दुधाच्या पिशव्यांत वाढवलेली रोपं त्यांनी ओट्याखालून काढली. शेवगा, सीताफळ, कढीपत्ता, आंबा, जांभूळ, डाळिंब. प्रत्येक खड्ड्यात एक. भोवती हातानं आळं केलं, म्हणजे पाणी मुळाशी थांबेल असा मातीचा गोल कट्टा. आळं थापताना त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं नवकार मंत्र म्हणताहेत. जवळ गेलो तर रोपाला दम देत होत्या. "ह्यो काय तुजा लावायचा म्हयना नाय, मला ठाव हाय. पावसाची वाट बघाय येळ नाय आपल्याला. तग धर. न्हाईतर तोंड दाखवू नको."

दुपारी पूजेची तयारी घेऊन मंडळी आली. गुरुजी, कंत्राटदार, मजूर, शेठ नव्या शर्टात. प्रत्येक खड्ड्यात झाड आणि मधोमध बूट घातलेल्या बाई.

शेठचा चेहरा उतरला. तो मुकादमाला म्हणाला, "काढून टाका ती. हळू काढा, बाजूला ठेवा."

मुकादमानं फावडं उचललं आणि बाईंनी एवढंच विचारलं, "आज काय हाय रं बाबा?"

मुकादमानं फावडं खाली ठेवलं. "आखिती हाय." मग शेठकडे वळून म्हणाला, "पावणं, आखितीला लावलेलं आमी उपटत न्हाई. आमच्याकडं कुणीच उपटीत न्हाई."

"उद्या काढा मग."

"उद्या बी आखितीचंच ऱ्हातं ना ते."

शेठनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी आभाळाकडे पाहिलं, पंचांगात पाहिलं, आणि दक्षिणा जाणार हे ओळखूनही सरळ सांगितलं, "शास्त्राचं मी बघून सांगेन. पण माझ्या देखत नको." पूजेचा नारळ न फुटताच घरात गेला. बाईंनी त्याची बर्फी केली आणि मजुरांना वाटली.

शेठ आतल्या आत पेटला होता. पण तो व्यापाऱ्याचा मुलगा, त्याला घाई नव्हती. कंत्राटदाराला तो माझ्यासमोरच म्हणाला, "उपटायचं कशाला? वैशाख हाय. आपोआप वाळतील. वाळलेलं काढायला कुणाची हरकत हाय?" दुसऱ्याच दिवशी प्लंबर आला. बांधकामाला नवी लाइन घ्यायची म्हणून परसातला नळ त्यानं तोडला. घरातल्या नळाला उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी, तेही प्यायला-धुवायला जेमतेम. बाईंच्या परसात थेंबही येणार नव्हता.

त्या संध्याकाळी बाई ओट्यावर झारी मांडीत घेऊन बसल्या होत्या, रिकामी. मला फार वाईट वाटलं. म्हणालो, "बाई, शेठनं हे बरं नाही केलं."

त्यांनी लिंबाकडे बोट केलं. लिंबाची पानं पिवळी पडून गळत होती. "पाणी तोडलंय त्यानं माजं. ताण देतोय मला." मग झारी खाली ठेवून म्हणाल्या, "देऊ दे. त्याला ठाव नाय, ताण दिल्यावं काय व्हतं ते."

सकाळी त्यांनी मला स्टूल धरायला लावलं. रस्त्यावरच्या पाटीसमोर स्टूल, स्टुलावर बाई, हातात चुन्याचं डबडं आणि गेरू. त्यांनी 'गाळे'मधल्या 'गा'वर चुना फासला आणि वर गेरूनं 'आ' काढला. नगरपालिकेच्या शाळेतलं चौथीचं अक्षर, पण ठसठशीत. येथे आळे बुक करणे चालू आहे. खाली उतरून त्यांनी मान तिरपी करून पाहिलं. "आता खरं बोलती पाटी."

आळे हे जुन्नर तालुक्यातलं मोठं गाव, हे बाहेरच्यांना सांगितलं पाहिजे. आळेफाट्याला जीपगाड्या सुटायच्या त्या याच रस्त्यानं. बाजाराच्या दिवशी दहा वाजायच्या आत आमच्या परसापाशी पिशव्या, गाठोडी, कोंबड्या घेऊन माणसं उभी. एक म्हातारा धोतराचा सोगा सावरत आत आला. "बाई, आळ्याची शिटं हितंच मिळत्यात ना? गाडी कवा सुटती?"

दुसरं कुणी असतं तर हसून घालवलं असतं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "गाडी नाय. पर आळं मिळंल. ते सीताफळाचं मोकळं हाय. पाणी तुमी आणायचं."

म्हाताऱ्यानं एकदा पाटीकडे, एकदा झाडाकडे पाहिलं. तो शेतकरी माणूस. सुकत चाललेलं रोप बघून त्याला राहवलं नाही. त्यानं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, अर्धी प्यायला आणि अर्धी आळ्यात ओतली. "करा बुक," म्हणाला. "बाजाराला येतोच म्या." आणि जीप पकडायला निघून गेला.

बाई थोडा वेळ त्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून गल्लीत शिरल्या. आखिती होऊन गेलेली, घराघरात पुजलेले करे आणि केळ्या पडून होत्या. प्रत्येक दारात बाईंचं एकच म्हणणं: एक मडकं द्या, एक झाड घ्या. भांडी घासल्याचं नको, पण तांदूळ धुतल्याचं, भाजी धुतल्याचं, पाहुण्यांनी अर्धवट ठेवलेल्या तांब्यातलं, जे सांडणार ते आणून मडक्यात घाला. आळं तुमच्या नावाचं. गल्लीतल्या बायकांना त्यात मजा वाटली. शिवाय बाईंना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. एका आठवड्यात सगळी आळी बुक झाली. मला कढीपत्ता मिळाला. आंघोळीच्या आधी निम्मी बादली बाजूला काढायची, असा मला हुकूम होता. परसाकडच्या दाराशी रोज सकाळी तांदळाच्या धुवणाचं एक पातेलं ठेवलेलं दिसायचं. ते कोण ठेवतं हे बाई विचारत नव्हत्या, आणि सून सांगत नव्हती. शालू मात्र आता वांग्यांवरून निघून आंब्यावर गेला होता.

सगळी झाडं जगली असं म्हणेन तर ते खोटं होईल. जांभूळ गेलं. डाळिंबाचं एक गेलं. बाईंनी रिकामं आळं एक दिवससुद्धा ठेवलं नाही, तिथं दुधीची बी टोचली. "आळं मोकळं दिसलं की गाळा शिरंल," म्हणाल्या.

वैशाख सरत आला होता तेव्हा एका संध्याकाळी शेठ परसात आला. नळ तोडल्यापासून तो मागे फिरकला नव्हता. वाळलेल्या काटक्या बघायला आला असणार. पाहतो तर शेवग्याला नवी फूट, सीताफळाला चमकदार पानं, आणि चारपाच बायका तांबे घेऊन मडकी भरताहेत. मी माझ्या कढीपत्त्यापाशी होतो.

बाई उठल्या नाहीत. "आलास? बरं झालं. उपट."

"बाई..."

"माणसं उपटत नाय म्हनली. तू उपट. तुज्या हातानं."

शेठ खाली वाकला. त्यानं शेवग्याचा बुंधा धरला. ते रोप इतकं कोवळं होतं की दोन बोटांनी आलं असतं. त्याच्या मनगटावर रोपाची पानं टेकली होती. तो तसाच वाकून राहिला आणि मग, वेळ काढायला म्हणून असेल, त्यानं विचारलं, "हे कुणाचं हाय?"

"समोरच्या मास्तरीणबाईंचं. तिच्या पोरीचा बस्ता तुज्याकडंच बांधायचाय."

त्यानं हात काढला. पुढच्याकडे बोट केलं. "हे?"

"टेलिफोनवाल्यांचं," बाई म्हणाल्या. शेठनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा नंबर अजून सरकतच होता.

"अन ते?"

"आळ्याच्या एका म्हाताऱ्याचं. बाजाराला येतो, चप्पल भायेर काढून पाणी घालतो. त्याला काय सांगू, माज्या पोराला सावलीचं भाडं येत नाय म्हून?"

शेठ ओट्याच्या कडेला बसला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो बुटाकडे बघत होता, बापाच्या त्या बिननाडीच्या बुटांकडे. मग म्हणाला, "बाई, एक मला दे."

"फुल हाय बुकिंग."

"तुजं तर एक असंल ना?"

"माजं लिंबाचं हाय. मी हाय तवर मोकळं व्हत नाय." बाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्या तोंडावर एक्स्चेंजमधल्या साहेबाचा भाव होता. "वेटिंगवर घालती तुला. नंबर लागंल तवा लागंल." मग पदराचं टोक त्याच्याकडे करून म्हणाल्या, "आदी तोंड धू."

दुसऱ्या दिवशी नळ जोडला गेला. गाळे झाले, नाही असं नाही. शेठनं जुनं दुकान पाडून त्याच जागी तीन काढले. परसाला कुणी हात लावला नाही. दुकानाला फोनही लागला, त्याच्या रीतसर पाळीनं. त्यावरून पहिला फोन बाईंनी केला, एक्स्चेंजमध्ये मलाच. म्हणाल्या, "कडीपत्त्याला पाणी घातलं का?" आणि ठेवून दिला.

माझी पुढे मंचरला बदली झाली, मग पुण्याला. मोबाइल आले आणि आमच्या त्या वेटिंग लिस्टला कुणी विचारीना. पुण्यात आमच्या सोसायटीत कंपाउंडपाशी मी दोन मडकी पुरली आहेत. सेक्रेटरी नोटीस लावतात, मी ती वाचतो आणि पाणी घालतो. आमचं जमलं आहे तसं.

एका चैत्रात संध्याकाळी मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडे शेठ होता. आवाज म्हाताऱ्या माणसासारखा झालेला. म्हणाला, "भाऊ, माजा नंबर लागला."

माझ्या डोक्यात जुनी वेटिंग लिस्ट आली. मी हसून म्हणालो, "आता? तो तर कधीच लागला ना, शेठ."

"त्यो नाय," तो म्हणाला. "लिंबाचं आळं मोकळं झालं."

मी बाल्कनीत खुर्चीवर बसलो. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. मग शेठ नाक शिंकरून म्हणाला, लिंबाचं पाणी बाईंनीच तोडून ठेवलं होतं, आता ते कधी सोडायचं तेवढं विचारायचं राहून गेलं. मला बाईंनी शिकवलं होतं. निम्मी पानं गळू दे, काडी हिरवी असतानाच सोडा, मी सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून घेतलं.

फोन ठेवता ठेवता त्याला आठवलं. "अन आमचा थोरला म्हंतोय, परसात पार्किंग करू."

"मग?"

"उपट म्हणलं. तुज्या हातानं."